चाळीस हजारांची सर्व्हिस: बिलातले काम आणि गाडीतले काम

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंच्या गाडीचे आहे. व्यक्ती, गाडीची कंपनी आणि सेवा केंद्र ओळखता येऊ नये म्हणून काही तपशील वगळले आहेत. मात्र घटनांचा क्रम, बिलातील बाबी आणि दोन्ही बाजूंनी मांडलेले मुद्दे बदललेले नाहीत. प्रस्तुत लेखकाचा या प्रकरणाशी संबंध एवढाच, की तक्रारीचे पत्र लिहिताना बाईंना मदत केली आणि तपासणीच्या दिवशी त्यांच्यासोबत हजर राहता आले.

गाडी पेट्रोलवरची, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असलेली साधी छोटी गाडी होती. चार वर्षांत ती चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ आली होती. बाईंचा रोजचा रस्ता गावाबाहेरच्या एका जिनिंगवरून, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यावरून, जातो. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की त्या पट्ट्यात रुईचे तंतू हवेत तरंगत राहतात, आणि उन्हाळा लागला की त्यांची जागा काळ्या मातीचा फुफाटा घेतो. हा तपशील वरवर किरकोळ वाटेल, पण पुढे सगळ्या वादाचा निकाल त्याच्यावरच लागला.

पहिल्या दिवसापासून गाडीची प्रत्येक सर्व्हिस जिल्ह्याच्या ठिकाणच्या अधिकृत सेवा केंद्रातच झाली होती. गावातल्या गॅरेजमध्ये तेच काम बरेच स्वस्त पडते हे बाईंना ठाऊक होते, परंतु त्यांनी वाढीव वॉरंटी घेतली होती आणि तिच्या अटींनुसार ठरलेल्या सर्व्हिस वेळेवर अधिकृत केंद्रात करून त्यांची नोंद ठेवणे आवश्यक होते. म्हणजे बाई तिथे केवळ विश्वासाने जात नव्हत्या, बऱ्याच अंशी बांधील असल्यामुळे जात होत्या. हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण ‘पटत नसेल तर दुसरीकडे जा’ हा सल्ला अशा ग्राहकाला सहज पाळता येत नाही.

चाळीस हजार किलोमीटरची सर्व्हिस आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात झाली. खान्देशात हा काळ लेकी माहेरी आणण्याचा आणि लग्नांच्या तिथी गाठण्याचा असतो. ज्याला त्याला गाडी सणाआधी तयार हवी असते. बाईंनी सकाळी गाडी लावली, दिवस नातेवाइकांकडे काढला आणि संध्याकाळी धुतलेली, टायरला चकाकी दिलेली गाडी ताब्यात घेतली. बिल साडेदहा हजारांच्या घरात होते. काउंटरवरच सर्व्हिस ॲडव्हायझरने विनंती केली, “मॅडम, कंपनीचा फोन येईल, तेवढे दहापैकी दहा द्या.” दुसऱ्या दिवशी फोन आला आणि बाईंनी दहा गुण दिले. बॉनेट तोपर्यंत उघडलेही गेले नव्हते.

बिलात काय होते

चाळीस हजारांची सर्व्हिस ही नेहमीच्या सर्व्हिसपेक्षा मोठी असते. या गाडीच्या मालकपुस्तिकेतील तक्त्यानुसार इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर यांच्याबरोबरच एअर फिल्टर, एसी फिल्टर, चार स्पार्क प्लग आणि ब्रेक ऑइल या टप्प्यावर बदलायचे होते. बिलात हे सर्व होते. शिवाय चारही चाकांच्या ब्रेकची सफाई, व्हील अलाइनमेंट व बॅलन्सिंग, टायर रोटेशन (टायरांच्या जागा आपसांत बदलणे) आणि थ्रॉटल बॉडी क्लीनिंग (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेची सफाई) यांची स्वतंत्र मजुरी लावलेली होती. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग तक्त्यात नव्हते. ते ॲडव्हायझरने सकाळी “उन्हाळ्यात करून घेतलेले बरे” असे सांगून जोडले होते आणि बाईंनी होकार दिला होता.

बिलासोबत एक तपासणी-तक्ताही मिळाला. त्यातील प्रत्येक बाबीसमोर हिरवी खूण होती.

अडचण कशी उघड झाली

मे महिन्याच्या मध्यावर, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर असताना, गाडीचा एसी थंड करेना. पंखा शेवटच्या क्रमांकावर ठेवला तरी जाळीतून वारा जेमतेम येत होता. एवढ्यासाठी जिल्ह्याला कशाला जायचे, या विचाराने बाईंनी गाडी ओळखीच्या गॅरेजवर नेली. गॅरेजचालकाला सगळे जिभाऊ म्हणतात. त्यांनी समोरचा खण उतरवला, मागची पट्टी सोडवली, फिल्टर बाहेर ओढला आणि एकच वाक्य बोलले: “ताई, हाऊ फिल्टर बदलेलच नही शे.”

फिल्टरच्या घड्या मातीने भरल्या होत्या, कडेला कडुनिंबाची वाळलेली पाने अडकली होती आणि घड्यांच्या तळाशी, मातीच्या थराखाली, रुईच्या तंतूंचा दाट थर बसलेला होता. बाईंनी बिल काढून पाहिले. एसी फिल्टरची किंमत आणि तो बदलण्याची मजुरी दोन्ही त्यात होत्या.

एक काम झाले नाही म्हटल्यावर संशय सगळ्याच कामांवर गेला, आणि ते स्वाभाविक होते. जिभाऊंनी डोळ्यांनी दिसेल तेवढे पाहिले. ऑइल फिल्टर नवा होता. एअर फिल्टरही नवा होता. त्यावर तीन आठवड्यांची पातळशी धूळ होती, इतकेच. ब्रेक ऑइलच्या डबीतले द्रव स्वच्छ, फिकट पिवळे होते. परंतु चाकांमागे ज्या निपलमधून जुने ब्रेक ऑइल बाहेर काढतात, त्या मागील दोन्ही निपलवरच्या रबरी टोप्या वाळलेल्या चिखलाने झाकलेल्या होत्या. तो चिखल गेल्या पावसाळ्यातला असावा, आणि टोपी काढल्याशिवाय त्या चाकाचे ब्रेक ऑइल बदलता येत नाही. टायरही जिथल्या तिथे होते. डाव्या मागच्या चाकाला वर्षभरापूर्वी दुसऱ्या कंपनीचा, वेगळ्या नक्षीचा टायर बसवला होता, तो अजून डावीकडे मागेच होता.

स्पार्क प्लगही जुनेच असावेत, असे बाईंना वाटू लागले, कारण सर्व्हिसनंतर गाडीचे ॲव्हरेज सुधारले नव्हते. जिभाऊ प्लग उघडायला निघाले होते, तेव्हा बाईंनी त्यांना थांबवले. या प्रकरणातला हा पहिला खरा निर्णय. आपल्या गॅरेजमध्ये एक एक वस्तू उघडत गेलो तर पुढे कोणीही म्हणू शकेल की जुने सामान तुम्हीच बसवले. म्हणून गाडी आहे तशी बंद करावी आणि जे बाहेरून दिसते त्याचेच चित्रण करावे, असे त्यांनी ठरवले. फिल्टर मात्र चित्रण सुरू होण्याआधीच बाहेर आला होता.

पुरावा किती भक्कम होता

तक्रारीचे पत्र लिहिण्यापूर्वी आम्ही प्रत्येक मुद्दा वेगळा ठेवून पाहिला. काम झाले नाही असे वाटणे आणि काम झाले नाही हे दाखवता येणे यांत मोठे अंतर असते, आणि बहुतेक तक्रारी या अंतरात पडून विझतात.

टायरचा मुद्दा सर्वांत भक्कम होता आणि त्याचा पुरावा सेवा केंद्रानेच दिलेला होता. सकाळी गाडी ताब्यात घेताना तिच्या चारही बाजूंचे फोटो काढून ते बाईंच्या व्हॉट्सॲपवर पाठवण्यात आले होते. ओरखडे आधीचेच आहेत हे दाखवण्यासाठी केंद्र हे फोटो काढते. त्यांत वेगळ्या नक्षीचा टायर डावीकडे मागे स्पष्ट दिसत होता. रोटेशन झाले असते तर तो पुढे गेलेला असता.

एसी फिल्टरच्या बाबतीत केंद्राचे उत्तर काय असेल याचा अंदाज होता: खान्देशातला मे महिना आहे, तीन आठवड्यांत नवा फिल्टरही असाच होतो. या उत्तराला तोड देणारी गोष्ट त्या रुईत होती. जिनिंगचा हंगाम सर्व्हिस होण्याआधीच आटोपला होता आणि त्यानंतर त्या रस्त्यावर रुई उडालेली नव्हती. मातीच्या थराखाली रुईचा थर बसला आहे, याचा अर्थ तो फिल्टर हिवाळ्यातही त्याच जागी होता. शिवाय त्याच दिवशी बसवलेला एअर फिल्टर त्याच रस्त्यावर फिरून बराच स्वच्छ राहिला होता.

ब्रेक ऑइलचा मुद्दा सर्वांत गंभीर आणि सिद्ध करण्यास सर्वांत अवघड होता. डबीत स्वच्छ द्रव असल्याने वरून पाहणाऱ्याला काम झालेलेच दिसते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावा वाढला की त्याचा उकळबिंदू उतरतो. डॉट-४ प्रतीच्या ब्रेक ऑइलसाठी किमान उकळबिंदू कोरड्या अवस्थेत २३० अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषल्यानंतर १५५ अंश असावा, असे मानक आहे. डॉट-३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्याने चाकापाशी उष्णता साठते, जुने ओलसर द्रव तिथे उकळले तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि ब्रेकचे पेडल मऊ पडून खाली जाते. उष्णता चाकापाशी असते, डबीपाशी नसते. म्हणून डबीतले द्रव शोषून काढून तिथे नवे भरले आणि नळ्यांतले जुने तसेच ठेवले, तर ज्या ठिकाणी नवे द्रव हवे तिथेच ते पोहोचत नाही. बाईंच्या घरचे जूनमध्ये तोरणमाळला जाणार होते, त्यामुळे घाटाचा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता.

मागील ड्रम उघडून साफ केले की नाही, हा मुद्दा आम्ही पत्रातून वगळला. तीन आठवडे गाडी चालल्यावर ड्रममध्ये लायनरची भुकटी पुन्हा साठते, तेव्हा भुकटी सापडली म्हणून सफाई झाली नव्हती असे म्हणता येत नाही. थ्रॉटल बॉडीचेही तसेच. त्या कामाचे पैसे घेतले गेले. ते झाले की नाही हे आजतागायत कोणालाच सांगता येणार नाही.

विचारात घेतलेले पर्याय

जिभाऊंचा सल्ला साधा होता: चारशे-पाचशे रुपयांचा फिल्टर टाकतो, ब्रेक ऑइल बदलून देतो, दोन तासांत गाडी घेऊन जा, आणि पुन्हा त्या दारात पाय ठेवू नका. खर्चाच्या दृष्टीने हाच पर्याय सर्वांत स्वस्त होता. परंतु वॉरंटीमुळे त्या दारात पुन्हा जावे लागणारच होते, आणि दुसरे म्हणजे केंद्राच्या संगणकात ‘ब्रेक ऑइल बदलले’ ही नोंद तशीच राहिली असती.

बाईंच्या मुलाला चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकायची होती. त्याने दबाव नक्कीच आला असता; पण चित्रण फिल्टर काढल्यानंतरचे होते, ब्रेकबाबत तोवर केवळ तर्क होता, आणि नाव घेऊन केलेला आरोप अंगलट आला असता तर मूळ प्रश्न बाजूला राहून बाईच खुलासे देत बसल्या असत्या. हा पर्याय सोडून दिला. प्रस्तुत लेखकाच्या मते तो योग्यच सोडला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवणे हा तिसरा पर्याय होता. चौथा, जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम २(११) नुसार सेवेतील उणीव तक्रारीस पात्र ठरते, कलम ६९ नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि कलम ३४ मुळे ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. तरीही वादातील रक्कम दोन हजारांच्या आत होती. तारखांसाठी शाळेतून रजा काढाव्या लागल्या असत्या, आणि या टप्प्यावर काम झाले नसल्याचे ठोस निरीक्षण केवळ दोन बाबींत होते. म्हणून आयोगाचा पर्याय हाती राखून, आधी लेखी तक्रार आणि दोन्ही बाजूंच्या समक्ष तपासणीची मागणी, असा क्रम ठरला.

केलेली कृती

पत्र एका पानाचे होते. वर जॉब कार्डचा (गाडीवर करायच्या कामांच्या नोंदपत्राचा) व बिलाचा क्रमांक, तारीख आणि मीटरचे आकडे. खाली दोन भाग. पहिल्या भागात ‘प्रत्यक्ष पाहिलेल्या बाबी’ म्हणून एसी फिल्टर, निपलवरच्या टोप्या आणि टायर. दुसऱ्या भागात ‘शंका असलेल्या बाबी’ म्हणून स्पार्क प्लग. ही विभागणी करण्यास बाई सुरुवातीला तयार नव्हत्या. प्लगही बदललेले नाहीत असे सरळ लिहावे, म्हणजे पत्राला वजन येईल, असे त्यांचे म्हणणे होते. पुष्कळ चर्चेनंतर त्यांनी ती मान्य केली.

मागण्या तीन होत्या: सात दिवसांच्या आत बाईंच्या समक्ष गाडीची तपासणी, स्टोअरमधून त्या जॉब कार्डवर निघालेल्या सामानाची नोंद दाखवणे, आणि त्या दिवसाचे कार्यशाळेतील सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवणे. पत्र केंद्राच्या व्यवस्थापकाला ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने गेले. कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला प्रत पाठवली. भरपाईची रक्कम मुद्दाम लिहिली नाही. सुरुवातीलाच आकडा टाकला की चर्चा कामावरून आकड्यावर जाते.

पहिला प्रतिसाद फोनवर आला आणि तो अपेक्षेप्रमाणे होता: “मॅडम, तुम्ही तर दहापैकी दहा दिले होते.” बाईंनी उत्तर दिले की गुण वागणुकीचे होते, ब्रेकचे नव्हते, आणि बाकीचे लेखी कळवावे. कंपनीकडे प्रत गेल्यामुळे असेल, पण चौथ्या दिवशी तपासणीची तारीख मिळाली. सीसीटीव्हीबद्दल मात्र उत्तर आले की जुने चित्रण आपोआप पुसले जाते आणि त्या दिवसाचे शिल्लक नाही.

समक्ष तपासणी

तपासणीला वर्क्स मॅनेजर, ॲडव्हायझर, फोरमन, बाई आणि प्रस्तुत लेखक हजर होते. वर्क्स मॅनेजरने प्रथम ओलावा मोजणारे पेनासारखे यंत्र ब्रेक ऑइलच्या डबीत बुडवले. हिरवा दिवा लागला. “पाहा, नवे आहे,” असे म्हणून त्यांनी यंत्र सर्वांना दाखवले. इथे विषय संपला असता. आम्ही एवढेच म्हटले की डबीतले द्रव नवे आहे यावर वादच नाही, मागच्या चाकाचे पाहू.

गाडी रॅम्पवर चढवली. डाव्या मागच्या निपलवरचा चिखल फोरमनने आधी ब्रशने झाडला, मग टोपी काढली; निपलला पाना लावल्यावर तो पहिल्या झटक्यात सुटला नाही, गंज सुटण्याचे औषध मारून थोडे थांबावे लागले. पारदर्शक नळी बाटलीत सोडून एकाने आत बसून पेडल दाबले. नळीतून आलेले द्रव कोऱ्या चहासारखे होते. त्यानंतर काही क्षण कोणी काही बोलले नाही, आणि मग वर्क्स मॅनेजरने स्वतःच ज्या मेकॅनिकच्या नावावर ते जॉब कार्ड होते त्याला बोलावून घेतले. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. “त्या दिवशी वेळच नव्हता साहेब, वरचे काढून भरले,” असे तो म्हणाला.

प्लगची शंका चुकीची ठरली. वर्क्स मॅनेजरने आग्रहाने चारही कॉइल काढून प्लग दाखवले. ते नवे होते. पत्रात ती बाब शंका म्हणून लिहिली होती, त्यामुळे बाकीच्या मुद्द्यांना बाधा आली नाही. ‘प्लग बदललेले नाहीत’ असे ठाम लिहिले असते तर त्या क्षणी तपासणीचा सगळा कल पालटला असता.

एसी फिल्टरबाबत स्टोअरच्या नोंदीत नवा फिल्टर त्या जॉब कार्डवर निघालेला होता. तो गाडीत नव्हता. कुठे गेला याचा उलगडा झाला नाही. केंद्राने अपेक्षेप्रमाणे धुळीचे कारण पुढे केले आणि फिल्टर जिभाऊंनी चित्रणाआधी काढल्याचा मुद्दाही मांडला. बाईंनी पिशवीतून आणलेला फिल्टर टेबलावर ठेवून घड्या उलगडल्या आणि जिनिंग केव्हा बंद झाली हे सांगितले. फोरमन स्वतः चोपड्याकडचा, घरी कापूस असलेला माणूस होता. त्याने तंतू बोटांत धरून पाहिले आणि वर्क्स मॅनेजरकडे पाहून मान हलवली. फिल्टरवर पुढे वाद झाला नाही.

टायरबाबतचे उत्तर विचार करण्यासारखे होते. वेगळ्या नक्षीचा टायर पुढे घेणे योग्य नाही, म्हणून मेकॅनिकने रोटेशन केलेच नाही, असे फोरमनने सांगितले. तांत्रिकदृष्ट्या हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पण मग ते ग्राहकाला सांगायला हवे होते आणि बिलातून ती ओळ काढायला हवी होती.

तपासणी-तक्त्याची संगणकीय प्रत पडद्यावर उघडली, तेव्हा सर्व बाबींवरच्या हिरव्या खुणा संध्याकाळी दोन मिनिटांच्या आत लागल्याचे दिसले. त्या वेळी गाडी धुण्याच्या जागी होती.

असे का घडले असावे

कार्यशाळेत सगळेच काम बुडवले जाते, हा समज या प्रकरणाने खरा ठरवला नाही. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग ही कामे नीट झाली होती. जे सामान स्टोअरमधून निघते त्याचा हिशोब राहतो, नवा भाग बसला की जुना हातात येतो, आणि ते काम वगळले तर कोणाच्या तरी लक्षात येते. जे काम केवळ हाताचे आणि वेळेचे असते, म्हणजे सफाई, ब्लीडिंग (निपलमधून जुने ब्रेक ऑइल काढणे), रोटेशन, तपासणी, ते केले काय आणि न केले काय, संध्याकाळी गाडी सारखीच दिसते. घाईच्या दिवशी कात्री तिथेच लागते. एसी फिल्टर या नियमाला अपवाद ठरला, कारण खण उतरवून तो बघणारा ग्राहक विरळा.

मेकॅनिकवर सगळे ढकलणे सोपे आहे. परंतु दिवसाला किती गाड्या घ्यायच्या हे तो ठरवत नाही, तक्त्यावरच्या खुणा त्याने लावल्या नव्हत्या, आणि थ्रॉटल बॉडी क्लीनिंगसारखी जादा कामे सकाळी काउंटरवर विकली गेली की त्यांचा वेळ दुपारी त्याच्याच वाट्यातून जातो.

निष्पत्ती

केंद्राने त्याच दिवशी चारही चाकांपर्यंत ब्रेक ऑइल बदलून दिले, नवा एसी फिल्टर बसवला आणि फिल्टर, रोटेशन व ब्रेक ऑइलची मजुरी मिळून १,९४० रुपये परत केले. जाण्यायेण्याचा खर्च आणि रजेचा मोबदला देण्यास नकार दिला.

पैसे देण्याआधी सहीसाठी एक कागद पुढे आला. त्यात केंद्राने हे सर्व ‘सदिच्छेपोटी’ केले असून ग्राहकाची ‘कोणतीही तक्रार उरलेली नाही’ असे लिहिले होते. सही न करता निघून जावे आणि आयोगाकडे जावे, की सही करून मोकळे व्हावे, हा या प्रकरणातला शेवटचा निर्णय होता. बाईंनी मधला मार्ग काढला: ते वाक्य खोडून त्या जागी ‘वर नमूद केलेली कामे आज माझ्या समक्ष झाली व रक्कम मिळाली’ असे हाताने लिहिले आणि दोन्ही प्रतींवर सह्या घेतल्या. आयोगाकडे जाण्याचा विचार त्यांनी पुढे सोडून दिला.

नोंदीचा प्रश्न मात्र अर्धवटच राहिला. एप्रिलमधली ‘ब्रेक ऑइल बदलले’ ही नोंद दुरुस्त करावी अशी मागणी केली असता, बंद झालेले जॉब कार्ड बदलता येत नाही असे सांगण्यात आले. त्याऐवजी शून्य रकमेचे नवे जॉब कार्ड उघडून मेमधली नोंद घालण्यात आली. अर्धवट कामापेक्षा खोट्या नोंदीचे नुकसान अधिक दूरचे असते. तक्त्यातली पुढची तारीख त्या नोंदीवरून मोजली जाते, आणि जुनी गाडी विकत घेणारा माणूसही तिच्यावरच विसंबतो.

काय वेगळे करता आले असते

बाईंनी गाडी ताब्यात घेतानाच दहा मिनिटे दिली असती तर टायर आणि एसी फिल्टर या दोन बाबी तिथेच निकालात निघाल्या असत्या. सकाळी जॉब कार्डवर ‘बदललेले जुने भाग परत द्यावेत’ असे लिहून घेणे हा त्याहून सोपा उपाय आहे. जुना फिल्टर परत करायचा आहे हे माहीत असेल तर नवा बसवावाच लागतो. समाधानाचे गुण देण्यास आठवडाभराने फोन करा असेही सांगता आले असते. आणि सर्व्हिस सणाच्या आठवड्यात न करता पंधरा दिवस आधी केली असती, तर कदाचित हे प्रकरणच उद्भवले नसते.

फिल्टर बाहेर काढण्याआधी चित्रण सुरू व्हायला हवे होते. रुईने वेळ निभावली. धुळे शहरात गाडी चालवणाऱ्या ग्राहकाकडे तो पुरावा नसता. सीसीटीव्हीची मागणीही उशिरा गेली, कारण अडचणच उशिरा कळली.

हेल्पलाइनवर तक्रार पत्रासोबतच नोंदवायला हवी होती की नाही, याबद्दल प्रस्तुत लेखकाचे मत आजही पक्के नाही. नोंदवली असती तर स्वतंत्र क्रमांक आणि तारीख हाती आली असती. दुसरीकडे, वर्क्स मॅनेजर समक्ष तपासणीला इतक्या सहज तयार झाले असते असे वाटत नाही.

सेवा केंद्राच्या बाजूने पाहिले तर तक्त्यावरच्या खुणा ज्याने काम केले त्याने, काम करतानाच लावणे एवढा एक बदल बहुतेक प्रश्न सोडवू शकला असता. बैठकीत तसे सुचवले. त्यावर “वर कळवतो” एवढेच उत्तर मिळाले.

पन्नास हजारांची सर्व्हिस बाईंनी हिवाळ्यात, लग्नांचा हंगाम सुरू होण्याआधी, त्याच केंद्रात केली. काम समोर उभे राहून पाहू द्यावे ही विनंती सुरक्षिततेचे कारण देऊन नाकारण्यात आली. त्याऐवजी प्रत्येक टप्प्याचे फोटो पाठवण्याचे ठरले. फिल्टरचे आणि उघडलेल्या ड्रमचे फोटो दुपारपर्यंत आले, जुने भाग पिशवीत घालून मिळाले. बिलात रोटेशनची ओळ नव्हती. विचारल्यावर ॲडव्हायझरने सांगितले की एक टायर वेगळ्या नक्षीचा असल्याने ते काम घेतलेच नाही.